वॉरंटी संपली आणि फायरवॉल गेला : फॅक्टरीच्या नेटवर्कच्या नोंदी, जून-जुलै २०२४

१० जून, सोमवार

सकाळी ८.४० ला गेटवरून फोन. ‘सर, इनव्हॉइस निघंना, गाडी भरून उभी आहे.’ मी अजून शिरोली फाट्यावरच होतो. पोचलो तर सर्व्हरच्या कपाटात फायरवॉलचा (आमचं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधला राखणदार बॉक्स) पॉवरचा दिवा दोन सेकंद लागतोय, विझतोय, परत लागतोय. बाकी सगळे दिवे मेलेले. प्लग काढून घातला, सॉकेट बदललं, यूपीएस बायपास करून डायरेक्ट लाइनला लावला, तेच.

आमच्यासारख्या पाच कोटींच्या वरच्या टर्नओव्हरवाल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस कंपल्सरी, म्हणजे पोर्टलवरून आयआरएन (इनव्हॉइसचा सरकारी नंबर) आल्याशिवाय कास्टिंगची गाडी गेटबाहेर पडत नाही. त्यात उद्या ११ तारीख, जीएसटीआर-१ चा (विक्रीच्या रिटर्नचा) शेवटचा दिवस. अकाउंट्सच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘सर, मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढते इनव्हॉइस, पण टॅली सर्व्हर दिसायला पाहिजे.’ टॅली लॅनवरच असतो, त्याला फायरवॉल लागत नाही, पण डीएचसीपी (पीसीला आपोआप आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देणारी सोय) त्याच बॉक्समधून मिळायचं, त्यामुळं जी पीसी आज चालू केली तिला आयपीच नाही. मॅडमच्या पीसीला हाताने आयपी टाकला, नेटसाठी वायफायवर हॉटस्पॉट. पहिली गाडी १०.०५ ला गेली. ड्रायव्हर माझ्याकडं बघून हसत गेला, का ते कळलं नाही.

मग जुगाड. स्टोअरमध्ये घरगुती वायफाय राउटर पडून होता, त्याचा लॅन आयपी १९२.१६८.१०.१ केला, म्हणजे जुन्या फायरवॉलचाच गेटवे (बाहेर जायचं दार), कारण निम्म्या मशीनला स्टॅटिक आयपी आहेत आणि त्या सगळ्या बदलत बसलो तर दिवाळी येईल. तरीही नेट येईना. आमच्या केबलवाल्याकडं स्टॅटिक आयपी मॅक अ‍ॅड्रेसला (बॉक्सवर छापलेला हार्डवेअरचा नंबर) बांधलेला असतो हे विसरलेलो. फायरवॉल उलटा केला, खालच्या स्टिकरवर मॅक छापलेला होता, मोबाईलची बॅटरी पाडून वाचला (३ आणि ८ एकसारखेच दिसतात त्या बारीक अक्षरात), राउटरवर क्लोन केला आणि ११.३० ला नेट आलं.

सीसीटीव्ही आणि हजेरीची मशीन मात्र बंदच, कारण ती वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच केबलमधलं वेगळं काढलेलं नेटवर्क) आणि या राउटरला व्हीलॅन म्हणजे काय ते माहीत नाही. हजेरी मशीन पंच आत साठवून ठेवतं म्हणून त्याची चिंता नाही. पुण्याच्या डेपोचा टनेल (इंटरनेटवरून दोन्ही ऑफिस जोडणारी बंदिस्त वाट) पण गेला. डेपोवाल्यांना म्हंटलं स्टॉक फोनवर सांगा दोन दिवस.

११ जून, मंगळवार

बिलं काढली. खरेदी फेब्रुवारी २०२१, वॉरंटी आणि सबस्क्रिप्शन तीन वर्षांचं, २८ फेब्रुवारी २०२४ ला संपलं. म्हणजे १०३ दिवसांनी बॉक्स मेला. रिन्यूअलचा मेल जानेवारीत आला होता, मी साहेबांना फॉरवर्ड केला होता, साहेबांनी ‘मार्चनंतर बघू’ लिहिलं होतं, आणि मार्चनंतर आम्ही दोघांनी बघितलं नाही. दोष निम्मा-निम्मा.

फायरवॉलच्या कंपनीच्या सपोर्टला फोन. सिरीयल नंबर सांगितला, पलीकडून दहा सेकंदात उत्तर, ‘सर, काँट्रॅक्ट एक्स्पायर्ड आहे, आरएमए करता येणार नाही,’ म्हणजे बदलून मिळणार नाही. म्हंटलं पैसे भरून रिपेअर? त्यांच्याकडं रिपेअर हा प्रकारच नाही, बदलून देतात नाहीतर नाही. म्हंटलं आज रिन्यू केलं तर? तर मागच्या तारखेपासून पैसे भरायचे, वर रिन्यूअलच्या आधी बिघडलेल्या बॉक्सला रिप्लेसमेंट लागू होत नाही. पोरगा नम्र होता, त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता.

संध्याकाळी अ‍ॅडाप्टर तपासला. १२ व्होल्ट ३ अँपिअरचा. मल्टीमीटर लावला तर १२.१ व्होल्ट, एकदम ठणठणीत. इथंच बरेच जण फसतात आणि मीही फसत होतो, पण मशीनशॉपचे मेंटेनन्सचे मामा बाजूला उभे होते, ते म्हणाले, ‘लोड टाकून बघ की. रिकाम्या पोत्याला उभं करायला काय जोर लागतोय.’ टेम्पोचा इंडिकेटरचा बल्ब आणला, २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर खाणार. दोन वायरी लावल्या. बल्ब लागला, मंद झाला, विझला, परत लागला, अगदी बॉक्सच्या दिव्यासारखाच श्वास घेतल्यागत. मीटरवर १२ वरून ६ च्या खाली आणि परत वर. अ‍ॅडाप्टर फोडला, आत आउटपुटचा कपॅसिटर टोपी फुगवून बसलेला.

जीएसटीआर-१ मॅडमनी ५ वाजता भरला. त्यांना पेढे द्यायला पाहिजेत.

१२ जून, बुधवार

शाहूपुरीतनं १२ व्होल्ट ५ अँपिअरचा नवा अ‍ॅडाप्टर आणला, ६५० रुपये. लावला. पॉवरचा दिवा स्थिर. फॅक्टरीभर ‘झालं झालं’ झालं, साहेबांनी केबिनमधून अंगठा दाखवला. आणि मग दहा मिनिटं झाली तरी लॅनचे दिवे लागेनात.

कन्सोल केबल लावली, पुट्टी (बॉक्सचे मेसेज दाखवणारा प्रोग्राम) उघडलं, ९६०० च्या स्पीडला कचरा, ११५२०० ला अक्षरं आली. कर्नल (सिस्टिमचा गाभा) चढतोय, डिस्कवर येतोय आणि मग एकाखाली एक आय-ओ एररच्या (डिस्क वाचता येत नाही अशा) ओळी, शेवटी रूट माउंट होईना म्हणून थांबतोय, परत रीबूट. म्हणजे अ‍ॅडाप्टर मरताना एकटा मेला नाही. किती दिवस तो व्होल्टेज वरखाली करत होता कुणास ठाऊक, प्रत्येक वेळी बॉक्स मधेच बंद पडायचा, मधेच लिहिताना डिस्कचा घात व्हायचा. गेल्या महिन्यात दोन-तीनदा ‘नेट एक मिनिट गेलं’ अशी तक्रार आली होती, मी केबलवाल्याला शिव्या घातल्या होत्या. त्याला सॉरी म्हणायला पाहिजे, म्हणणार नाही.

झाकण उघडलं. आत काळ्या वाळूची बारीक भुकटी, हीटसिंकच्या पट्ट्या भरलेल्या. सर्व्हरचं कपाट कोअर शॉपच्या (वाळूचे गाभे बनतात तिथल्या) भिंतीला लागून आहे, ती जागा मी येण्याच्या आधी ठरलीय. फाउंड्रीत हे होणारच पण बघितल्यावर पोटात गोळा आला.

एक शंका सुरुवातीला डोक्यात होती. २०१७ साली इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० चिपमधलं क्लॉक सिग्नल काही काळानं बंद पडायचं प्रकरण गाजलं होतं, राउटर, नॅस (नेटवर्कवरची फाइली साठवायची पेटी), फायरवॉल सगळ्यात तीच चिप, आणि असा बॉक्स एकदा बंद झाला की परत बूटच होत नाही. पण आमच्या बॉक्समध्ये ती चिप नाही, आणि आमचा कर्नलपर्यंत तरी चढतोय. तो अँगल बंद.

१३ जून, गुरुवार

डीलरचं कोटेशन आलं. त्याच कंपनीचा नवा छोटा बॉक्स, तीन वर्षांच्या सबस्क्रिप्शनसकट १ लाख ४२ हजार, वर १८ टक्के जीएसटी, डिलिव्हरी तीन आठवडे. साहेबांचं म्हणणं, ‘तीन वर्षांत मरतंय तर परत तेच कशाला? फ्रिज पंधरा वर्षं चालतोय घरात.’ म्हंटलं साहेब फ्रिजला रोज रशियातनं कुणी दार वाजवत नाही. हसले, पण पैसे सुटले नाहीत.

ठरलं असं : आत्ता जुन्या पीसीवर ओपनसेन्स (फायरवॉलचं सॉफ्टवेअर) टाकून चालवायचं, महिनाभर बघायचं, टिकलं तर छोटा फॅनलेस पीसी घ्यायचा. ओपनसेन्स का, पीएफसेन्स का नाही, यावर माझा काही हट्ट नाही. दोन्ही फ्रीबीएसडीवर, ओपनसेन्स २०१५ मध्ये पीएफसेन्सपासून फुटून निघालं, आणि मला त्याचा मेनू आवडतो एवढंच.

खरी अडचण वेगळीच निघाली. नवीन फायरवॉलमध्ये टाकायचं काय? जुन्यातले रूल्स (कुणाला कुठं जाऊ द्यायचं ते) कुठंच लिहिलेले नाहीत. बॅकअप शोधला, सापडला, एप्रिल २०२३ चा, माझ्या आधीच्या माणसाने घेतलेला, पासवर्ड लावून. पासवर्ड त्याला आठवत नाही. मी येऊन वर्ष होत आलं, या वर्षात मी बॅकअप घेतला का? घेतला. त्याच बॉक्समध्ये, ‘लोकल’ वर. हे लिहिताना लाज वाटते पण नोंद म्हणजे नोंद.

१५ जून, शनिवार

बॉक्समध्ये १६ जीबीची एमसाटा डिस्क होती, सोल्डर केलेली नव्हती, एक स्क्रू काढला की हातात. यूएसबी एन्क्लोजरमध्ये घालून लिनक्स लॅपटॉपला लावली. माउंट करायचा मोह आवरला, आधी डीडीरेस्क्यूने इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) काढायला लावली, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर जेवढे कमी फेरे तेवढं बरं. पहिल्या फेरीत ८१ टक्के, मग चिकटली. डिस्क गरम होत होती म्हणून कॅन्टीनमधल्या टेबल फॅनसमोर ठेवली. तिसऱ्या फेरीनंतर रात्री ९ ला ९७ टक्क्यांच्या पुढं गेली, तिथं थांबलो.

कॉन्फिगची फाइल मिळाली पण एन्क्रिप्टेड, दगड. मात्र लॉगचं पार्टिशन साधं टेक्स्ट निघालं. २२ मे ते १० जून, जवळपास वीस दिवसांचे लॉग, कॉम्प्रेस केलेल्या फाइली, त्यातल्या दोन तुटलेल्या.

आणि मग डोक्यात आलं की रूल्स नाहीत तर नाहीत, रूल्सच्या पाऊलखुणा आहेत की. प्रत्येक ओळीत कोण, कुठं, कुठल्या पोर्टवर आणि कुठल्या नंबरच्या पॉलिसीने (या बॉक्समध्ये रूललाच पॉलिसी म्हणतात) सोडलं हे लिहिलेलं असतं. ऑक (टेक्स्टमधून हवे ते रकाने काढणारा प्रोग्राम) लावून पॉलिसी नंबर, सोर्सचं नेटवर्क, डेस्टिनेशन आणि पोर्ट एवढंच काढलं, सॉर्ट केलं, मोजलं. सगळ्यात मोठा पॉलिसी नंबर ४३ दिसला, पण वीस दिवसांत प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या पॉलिसी फक्त १४. उरलेल्या कुणी कधी कशासाठी टाकल्या ते देवाला माहीत.

१४ मधल्या बहुतेक ओळखीच्या निघाल्या. ऑफिसमधून बाहेर वेब. हजेरीच्या मशीनशी पोर्ट ४३७० वर एचआरची पीसी. पुण्याचं नेटवर्क टॅलीकडं. सीसीटीव्हीचा मोबाईल अ‍ॅप. पॉलिसी २९ बघितली आणि खुर्चीतच सरळ झालो. बाहेरून कुठूनही, आत टॅली सर्व्हर, पोर्ट ३३८९. रिमोट डेस्कटॉप, सगळ्या जगाला उघडा. वीस दिवसांत साठ हजाराच्या वर कनेक्शन. कुणाला तरी कधीतरी घरून टॅली बघायची होती, बहुतेक लॉकडाऊनमध्ये, रूल टाकला, काम झालं, रूल राहिला. आणि मी वर्षभर या बॉक्सकडं रोज बघत होतो.

१६ जून, रविवार

सकाळी ७ ला एकटाच आलो. आधी टॅली सर्व्हरचा विंडोजचा सिक्युरिटी लॉग. ४६२५ म्हणजे फसलेले लॉगिन, पानंच्या पानं, अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, स्कॅनर, असली नावं लावून लावून. ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन, त्यात टाइप १० (रिमोट डेस्कटॉपवरून आलेले) शोधले, जे दिसले ते माझेच, लॅनमधून. पण लॉगची साइज डीफॉल्ट २० एमबी, एवढ्या मारामारीत त्यात नऊच दिवस मावलेले. त्याआधीचं काही सांगता येत नाही. लॉगची साइज १ जीबी केली, सगळे लोकल पासवर्ड बदलले, दोन फालतू युजर उडवले, अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन लावलं, सर्व्हरवर कुठं अनोळखी टास्क आहे का ते एकेक करून बघितलं. स्वच्छ वाटलं. ‘वाटलं’ असंच लिहितोय.

मग पीसी. चौथ्या जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम, नवीन एसएसडी. ओपनसेन्स २४.१ वीस मिनिटांत बसलं. पहिल्यांदा बोर्डावरचं रिअलटेकचं पोर्ट वॅनला वापरलं, डाउनलोड टेस्ट केली की लिंक खालीवर व्हायला लागली. फ्रीबीएसडी आणि रिअलटेक यांचं सासू-सुनेचं नातं मी ऐकून होतो, आज बघितलं. राजारामपुरीतनं जुनं इंटेलचं चार पोर्टचं कार्ड आणून ठेवलेलं होतं, २८०० रुपये, ते घातलं, विषय संपला.

रूल्स १४ चे ९ झाले. ३३८९ कायमचा बंद. सीसीटीव्हीचं पोर्ट फॉरवर्डिंगही बंद, साहेबांना मोबाईलवर कॅमेरे बघायचे असतील तर वायरगार्ड (मोबाईलसाठीचा तसलाच टनेल) चालू करून बघायचे. प्रत्येक रूलच्या वर्णनात कुणी मागितला, कधी, कशाला, हे मराठीत लिहिलं. पुढच्या माणसाला माझ्यासारखं ऑक चालवायला लागू नये.

१७ जून, सोमवार

बकरी ईद, बँका बंद, ऑफिस निम्मं रिकामं, मशीनशॉप चालू. बदलायला बरा दिवस. सकाळी घरगुती राउटर काढून पीसी लावला, मॅक परत क्लोन, नेट लगेच. काही मशीन गेटवे शोधत बसल्या, एआरपी कॅशमध्ये (कुठल्या आयपीचा मॅक कुठला याची मशीनमधली यादी) जुन्या राउटरचा मॅक अडकलेला, स्विच रीस्टार्ट करून पाच मिनिटांत सुटलं.

व्हीलॅन मात्र उठेना. व्हीलॅन २० सीसीटीव्हीचं, व्हीलॅन ३० हजेरी आणि मशीनचं, दोन्ही इंटरफेस केले, आयपी दिले, रूल्स दिले, पिंग शून्य. दोन तास. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, चहा घेतला. शेवटी टीसीपीडंपला (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) टॅग, म्हणजे व्हीलॅनचा नंबर, दाखवायला लावून बसलो, तर टॅगवालं काहीच येत नाही, येतंय ते सगळं टॅगशिवाय, साध्या लॅनचं. म्हणजे स्विचचं ट्रंक पोर्ट (सगळे व्हीलॅन एकत्र नेणारं) २४ आहे आणि मी केबल २३ मध्ये घातलीय. जुनी केबल २४ मधून काढली तेव्हा लेबल लावलं असतं तर हे दोन तास वाचले असते. २४ ला लावल्यावर कॅमेरे एकेक करून उगवले. मामा म्हणाले, ‘आलं की चित्र.’

२० जून, गुरुवार

जीएसटीआर-३बी चा (कर भरायच्या रिटर्नचा) दिवस, पोर्टल स्वतःच रडत होतं, फायरवॉल निर्दोष. मॅडमनी तरी आधी मलाच फोन केला.

सिसलॉग लावला, म्हणजे फायरवॉलचे लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची असतात आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. आमचे लॉग आजवर त्याच बॉक्समध्ये होते जो मेला, आणि तेही वीसच दिवसांचे. आता जुन्या नॅसवर जातात, रोजची साइज कॉम्प्रेस करून फारतर ५-६ एमबी, १८० दिवसांना एक जीबीच्या आसपासच लागतं. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही तीन वर्षं बसलो होतो.

२४ जून, सोमवार

पुण्याचा टनेल. तिकडं जुन्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बॉक्स आहे, जिवंत. त्याच्या स्क्रीनवरून टनेलच्या एन्क्रिप्शनची सेटिंग वाचता आली : आयकेईव्ही२, एईएस २५६, शा २५६, ग्रुप १४. प्री-शेअर्ड की (दोन्हीकडचा सामाईक पासवर्ड) मात्र चांदण्यांत, म्हणून दोन्हीकडं नवीन टाकली. फेज वन (दोन्ही बॉक्सची पहिली ओळख) अडलं कारण ते लोक आयपी ऐवजी नावाने ओळख मागत होते. ते जुळवलं, टनेल हिरवा झाला, तरी टॅली उघडेना. ओपनसेन्समध्ये आयपीसेकच्या (टनेलच्या) टॅबवर वेगळा रूल द्यावा लागतो, तो नव्हता. दिला, चाललं. डेपोचा पोरगा म्हणाला, ‘सर, आधीपेक्षा फास्ट आहे.’ तसं काही नाही, पंधरा दिवस फोनवर स्टॉक सांगून कंटाळलेला माणूस आहे.

६ जुलै, शनिवार

फॅनलेस छोटा पीसी आला, एन१०० प्रोसेसर, इंटेलची चार पोर्ट, १९,५०० रुपये. जुन्या पीसीवरून कॉन्फिगची फाइल काढली, यात घातली, इंटरफेसची नावं तेवढी बदलली, अर्ध्या तासात उभा. जुना पीसी तसाच भरलेला कपाटाखाली ठेवलाय, हा मेला तर केबल बदलायच्या आणि चालू. कपाट कोअर शॉपच्या भिंतीवरून जिन्याखाली हलवायचं साहेबांनी मान्य केलं, सुताराला सांगितलंय.

कॉन्फिगचा बॅकअप आता रोज रात्री नॅसवर, आणि महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर, तो मॅडमच्या तिजोरीत. पासवर्ड बंद पाकिटात, तिथंच.

९ जुलै, मंगळवार

व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंगचं) मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरला रिमोटनं जोडता येईना. हा रूल लॉगमध्ये न दिसलेल्या उरलेल्या पॉलिसींमध्ये असणार, त्या वीस दिवसांत त्याची गरज पडली नव्हती. शिफ्ट सुपरवायझर माझ्यावर चिडले, बरोबर चिडले, स्पिंडल थांबलेला होता. चार तासांपुरता रूल उघडला, काम झाल्यावर बंद. अजून असे दोन-तीन निघतील.

२० जुलै, शनिवार

पुण्याला गेलो. कामाचं नाव डेपोचा स्विच, खरं काम तो बॉक्स. त्याचीही वॉरंटी आमच्या बॉक्सच्याच दिवशी संपलेली, अ‍ॅडाप्टर त्याच लॉटचा. एसटीत बॅगेत मल्टीमीटर आणि रुमालात गुंडाळलेला टेम्पोचा बल्ब. शनिवारी संध्याकाळी डेपो बंद झाल्यावर अ‍ॅडाप्टर काढून बल्ब लावला. लागला, स्थिर राहिला, पण मीटरवर १०.४ दाखवत होतं आणि पाच मिनिटांत १०.१. बरोबर नेलेला नवा लावून आलो. बॉक्स बंद करायच्या आधी कॉन्फिगचा बॅकअप घेतला, बिनपासवर्डचा, आणि रूल्सचं एकेक पान प्रिंट काढलं. सात पानं. आमच्या २९ सारखी पॉलिसी तिथंही होती, नंबर १२, बाहेरून कुठूनही, पोर्ट ३३८९. बंद करूनच गाडी पकडली.